नकाशावर आपली खूण : कात्रजच्या तळ्यावर घेतलेला एक पाठ



मागील अंकात खोडव्यातील पाचट कुजविण्याविषयी लिहिले होते. या वेळचा विषय जरा निराळा आहे. मोबाइलवर जो नकाशा दिसतो त्याच्यावर आपली विहीर, आपली पाणंद, आपला व्हॉल्व्ह, आपला फड यांच्या खुणा आपणच कशा कराव्यात, हे आज पाहावयाचे आहे. काही सभासद म्हणतील, ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत आणि पाणी याविषयी सांगावे, नकाशे काढणे हे मोजणीवाल्यांचे काम. मलाही तसेच वाटत होते. गेल्या गळीत हंगामातील एका रात्रीनंतर तसे वाटेनासे झाले.

पौषातली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास एक ट्रॅक्टर दोन रिकाम्या ट्रॉल्या घेऊन फडाकडे निघाला होता. ड्रायव्हर बाहेरच्या जिल्ह्यातला, त्या शिवारात पहिल्यांदाच आलेला. गटातला माणूस फाट्यावर भेटायचा होता, तो भेटला नाही. ड्रायव्हरने मोबाइलवर नकाशा लावला. नकाशात उसाच्या दोन तुकड्यांमधून एक बारीक पांढरी रेघ दिसत होती. तो रस्ता समजून त्याने गाडी आत घातली. प्रत्यक्षात ती उपसा सिंचनाची पाइपलाइन पुरल्यानंतरची बुजवलेली चारी होती. दोनशे फुटांवर ती संपली. मागे घेताना मागल्या ट्रॉलीचे एक चाक विहिरीच्या काठावरून खाली लोंबले. विहीर पन्नास फूट खोल, कठडा नाही, चहूबाजूंनी आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला. ड्रायव्हरने उडी टाकली म्हणून निभावले. ट्रॉली सकाळी क्रेनने काढली.

आता खरी गोष्ट सांगतो. ती विहीर मला ठाऊक होती. गटातल्या चिटबॉयला ठाऊक होती, मालकाला तर होतीच. त्या शिवारातील पन्नास माणसांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त ज्याला गरज होती त्याला. त्या गटाचे जुने चिटबॉय दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. कोणत्या बांधावरून दोन ट्रॉल्या वळतात, कुठला ओढा मार्गशीर्षापर्यंत ओला राहतो, हे सगळे त्यांच्या डोक्यात होते. ते घरी गेले आणि नकाशाही त्यांच्याबरोबर घरी गेला. त्यांच्याकडून आम्ही वह्या ताब्यात घेतल्या, सायकल ताब्यात घेतली, पण ही माहिती लिहून घ्यावी असे कोणाला सुचले नाही. मलाही नाही.

हंगाम संपल्यावर सभासदांची सहल मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट पाहण्यासाठी गेली होती. येताना कोंढवा रस्त्याने कात्रजला येईपर्यंत गाड्यांच्या गर्दीत दीड तास गेला, आणि घाटाकडे वळण्यापूर्वी चहासाठी थांबलो. तळ्याच्या काठाला मंडळी बसली. कात्रज म्हटले की आपल्याला आधी दुधाची पिशवी आठवते, मग प्राणिसंग्रहालय. पण हे तळे आपल्या कामाचे आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात येथे पाणी अडवून ते जमिनीखालच्या दगडी-विटांच्या नळातून आठ-नऊ किलोमीटर दूर शनिवारवाड्यापर्यंत नेले. पंप नाही, इंजिन नाही. कात्रज उंचावर आणि शहर खाली, एवढ्याच जोरावर पाणी पेठांतल्या हौदांत पडत असे. काळा हौद, सदाशिव पेठेतला हौद हे त्याच पाण्याचे. नळ म्हणजे आपला सहा इंची पाइप नव्हे, माणूस आत उतरून साफसफाई करू शकेल एवढा मोठा. या वाटेवर ठरावीक अंतराने जमिनीच्या वर बांधकाम आणून ठेवले आहे, त्याला उच्छ्वास म्हणतात. कोंडलेली हवा तेथून निघते आणि साफसफाईसाठी उतरताही येते.

हे सांगत असताना आमचे एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते म्हणाले, "साहेब, म्हंजी आपल्या लिफ्टच्या लायनीवरच्या एअर व्हॉल्व्हवानीच की हे!"

अगदी तसेच. आणि पुढचा मुद्दाही त्यातच आहे. विमानातून किंवा उपग्रहातून फोटो काढला तर तळे दिसते, रस्ते दिसतात, इमारतींची छपरे दिसतात. जमिनीखालून गेलेला नळ दिसत नाही. दिसला तर वर आलेला एखादा उच्छ्वास दिसेल, तोही चौकोनी ठिपक्यासारखा, आणि तो ठिपका म्हणजे काय हे फोटो सांगत नाही. ज्याला माहीत आहे त्याने तेथे लिहिले पाहिजे. पुणे वाढले, नळाच्या डोक्यावर रस्ते आणि घरे आली. ओळीने उभे असलेले उच्छ्वास जोडत गेले की खालची वाट कळते, पण त्यांतले काही झाकले गेले की ओळ तुटते. आपल्या शिवारातल्या पाइपलाइनींचे असेच आहे. वीस वर्षांपूर्वी पुरलेली लाइन कुठून गेली, हे बापाला माहीत असते, मुलाला नसते, आणि नांगराच्या फाळाला तर नसतेच नसते.

पाण्याला मात्र आपली वाट आठवते. आंबिल ओढा याच कात्रजच्या डोंगरातून उतरतो आणि पुढे शहरातून मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला अचानक पूर आला आणि काठावरच्या वस्त्यांतून अनेकांचे प्राण गेले. कुठली बोळ आधी पाण्याखाली जाते, हे तेथे राहणाऱ्यालाच सांगता येते. छापील नकाशात ओढा म्हणजे एक निळी रेघ. रेघेच्या दोन्ही बाजूंना किती दूरवर पाणी येते, हे रेघ सांगत नाही.

चहा होईपर्यंत मंडळींना म्हटले, काढा मोबाइल, येथेच करून बघू. पद्धत अशी. गूगल मॅप्स उघडून हव्या त्या जागेवर बोट दाबून धरले की लाल खूण पडते आणि त्या जागेचे आकडे दिसतात. ही खूण आपल्या यादीत जतन करता येते, तिला टीप जोडता येते आणि यादी दुसऱ्याला पाठवता येते. हे सर्वांत सोपे. मात्र याने फक्त बिंदू होतो. पाणंद म्हणजे रेघ आणि फड म्हणजे क्षेत्र. त्यासाठी गूगलचाच माय मॅप्स हा प्रकार आहे, तो ब्राउझरमध्ये चालतो. किंवा गूगल अर्थ वापरावे. त्यात खूण, रेघ आणि बंद आकृती अशा तिन्ही गोष्टी काढता येतात, प्रत्येकीला नाव, वर्णन, रंग, फोटो देता येतो आणि आकृतीचे क्षेत्रफळही कळते. विहिरी एका थरात, रस्ते दुसऱ्या थरात, पाइपलाइन तिसऱ्या थरात ठेवाव्यात. ट्रॅक्टरवाल्याला तुमची पाइपलाइन बघायची नसते, त्याला रस्ते आणि धोके एवढेच दाखवायचे.

दहा-पंधरा मिनिटांत खुणांचा पाऊस पडला. एकाने तळ्याचा सांडवा टाकला. एकाने चहाची टपरी टाकली, तीही कामाचीच. एका तरुण सभासदाने रस्त्याच्या कडेला सिमेंटचे झाकण पाहिले आणि "उच्छ्वास" म्हणून खूण ठोकून दिली. आबा काठी टेकत जाऊन बघून आले. ते गटाराचे झाकण होते! मंडळी हसली, पण मला तो प्रसंग फार मोलाचा वाटला. खूण म्हणजे वस्तू नव्हे. खूण म्हणजे कोणीतरी केलेले विधान. ते खरे असेल, खोटे असेल किंवा काल खरे असून आज खोटे झाले असेल. म्हणून टीप लिहिताना तीन गोष्टी लिहाव्यात : काय आहे, स्वतः पाहिले की ऐकले, आणि तारीख. "विहीर, कठडा नाही, पाणंदीच्या डाव्या हाताला, स्वतः पाहिली, १२ जून" असे लिहिले तर पुढच्या माणसाला ती टीप कितपत धरायची ते कळते. खात्री नसेल तर "खात्री नाही" असे लिहावे. त्यात कमीपणा काही नाही.

त्याच वेळी आमच्या एक भगिनी सभासद, ज्या एरवी सभेत फारसे बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "साहेब, आमच्या खालच्या तुकड्याच्या तोंडाला चिबड हाय. वरनं ऊस लई भारी दिसतो, पण गाडी रुतती. ती लिवायची का?" लिवायचीच! उपग्रहाच्या फोटोत त्या जागी हिरवागार ऊस दिसतो. खाली पाणी साचते, हे पायाला कळते. अशीच माहिती नकाशात नसते आणि अशीच माहिती तोडणीच्या वेळी लागते.

आता आकड्यांविषयी. हा भाग जरा नेटाने वाचावा, कारण सगळ्या चुका येथे होतात. प्रत्येक जागेला दोन आकडे असतात, अक्षांश आणि रेखांश. कात्रजचे साधारण १८.४५ आणि ७३.८६. पहिला उत्तरेचा, दुसरा पूर्वेचा. हे उलटे लिहिले तर आपली विहीर नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात जाऊन पडते. हसू नका, आमच्या कार्यालयात एकाने असे सात फड समुद्रात बुडवले होते. त्यातून आणखी गंमत अशी की, नकाशाच्या खुणा साठवण्याची जी केएमएल नावाची फाइल असते तिच्यात आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहितात. हाताने त्या फाइलमध्ये काही बदलत असाल तर हे ध्यानात ठेवावे.

दशांश चिन्हानंतरचे आकडेही टाकाऊ नाहीत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्या हिशेबाने दशांशानंतर तीनच आकडे लिहिले तर शेवटच्या आकड्याला १११ मीटरचा फरक पडतो, म्हणजे दोन शेजारी ओलांडून तिसऱ्याच्या रानात. चार आकड्यांना ११ मीटर, पाच आकड्यांना सुमारे १ मीटर. म्हणून पाच आकडे लिहावेत. पण पाच आकडे लिहिले म्हणजे मोबाइल तेवढा अचूक झाला असे नव्हे! मोकळ्या आभाळाखाली साधा मोबाइल चार-पाच मीटर चुकू शकतो. उंच उसात, झाडाखाली किंवा भिंतीलगत त्याहून जास्त. बांधावर उभे राहून मिनिटभर थांबावे, निळा ठिपका स्थिर होऊ द्यावा, मग खूण करावी. चालत्या मोटारसायकलवरून केलेल्या खुणा मी स्वीकारत नाही.

क्षेत्राच्या बाबतीत हा फरक किती पडतो ते पाहा. वीस गुंठ्यांचा चौकोनी तुकडा घ्या. एक बाजू साधारण ४५ मीटर भरते. चारही बाजूंना रेघ तीन-तीन मीटर बाहेर गेली तर बाजू ५१ मीटर होते, आणि क्षेत्र वीसाऐवजी जवळजवळ पावणेसव्वीस गुंठे दिसते. गुंठ्याला एक टन धरला तर सहा टन ऊस कागदावर उगवला! हाच तीन मीटरचा फरक दोन हेक्टरच्या तुकड्याला शेकडा नऊच्या आत राहतो. वीस गुंठ्यांना तो शेकडा अठ्ठावीसपर्यंत जातो. म्हणजे लहान शेतकऱ्याच्याच नोंदीत चूक मोठी. सगळीच आकृती एका अंगाला सरकली तर क्षेत्र बरोबर येते, मात्र ती शेजाऱ्याच्या उसावर बसते, आणि मग काय होते ते सांगायला नको. यासाठी ऊसनोंदीला मोबाइलवर काढलेली आकृती अंदाजापुरती धरावी. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख खात्याची मोजणी हाच पुरावा. मोबाइल दाखवून बांध कोरू नये.

आणखी एक ठिकाण आहे, ओपनस्ट्रीटमॅप. हा नकाशा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि त्याची गंमत अशी की, तो कोणा कंपनीचा नाही. जगभरातील साधी माणसे त्यात रस्ते, ओढे, विहिरी भरतात, थोडाफार आपल्या सहकारासारखाच प्रकार. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात मोठा भूकंप झाला तेव्हा राजधानीचा कामाला येईल असा नकाशाच उपलब्ध नव्हता. हजारो मैलांवर बसलेल्या स्वयंसेवकांनी उपग्रहाचे फोटो पाहून थोड्या दिवसांत गल्लीबोळ काढले आणि मदत पथकांनी ते वापरले. या नकाशात मराठी नावासाठी वेगळी नोंद करता येते, म्हणजे आपल्या वस्तीचे नाव आपण म्हणतो तसे लिहिता येते. इंग्रजी स्पेलिंगवरून परत मराठीत आलेली गावांची नावे वाचवत नाहीत, हा माझा जुना राग आहे, असो. ऑसमअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्सवर हा नकाशा आधी उतरवून घेतला की रेंज नसतानाही चालतो. मात्र त्यात भरताना गूगलच्या नकाशावरून नक्कल करू नये, तो त्यांचा मालकी हक्क आहे. स्वतः पाहून भरावे.

सर्वांना उघड्या असलेल्या नकाशात खोडीही होतात. गूगलने २००८ साली मॅप मेकर नावाची सोय काढली होती, तिच्यात कोणीही भर घालू शके. भारतातल्या असंख्य गल्ल्या आणि वाड्या लोकांनी तेथेच प्रथम भरल्या. २०१५ साली कोणीतरी रावळपिंडीजवळ नकाशात एक अचकट चित्र काढून ठेवले, तेव्हा ती सोय काही महिने बंद ठेवावी लागली, आणि २०१७ मध्ये ती कायमचीच बंद झाली. आपल्याकडे २०१३ साली गूगलच्या नकाशे भरण्याच्या स्पर्धेवर भारतीय सर्वेक्षण विभागाने हरकत घेतली, कारण संवेदनशील जागांच्या खुणा त्यात आल्याचे त्यांचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांविषयीचे नियम बरेच सैल केले. तरीही लष्करी व तत्सम ठिकाणांच्या खुणांच्या फंदात आपण पडू नये. दुसरे असे की, कंपनीची सोय कंपनीच्या मर्जीवर. वर्षातून दोनदा आपल्या खुणांची केएमएल फाइल उतरवून गट कार्यालयाच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवावी.

उघड्या नकाशात काय टाकू नये हेही सांगतो. मोटार कुठल्या विहिरीवर आहे, केबल कुठून गेली आहे, हे जगाला दाखवणे म्हणजे चोराला पत्ता देणे. आपल्या भागात केबलचोऱ्या किती होतात ते तुम्ही जाणताच. मालकाचे नाव, फोन नंबर, उसाचे वजन, हेही नाही. रस्ता, ओढा, पूल, वस्तीचे नाव, कठडा नसलेली विहीर एवढे उघड्यावर चालेल. बाकीचे आपल्या खाजगी नकाशात ठेवून ज्याला दाखवायचे त्यालाच पाठवावे. पाठवताना "फक्त पाहता येईल" की "बदलताही येईल" हे नीट निवडावे. आमच्या एका गटात बदलण्याचा अधिकार सर्वांना दिला होता. चार दिवसांत एकाच पाणंदीच्या तीन पाणंदी झाल्या आणि प्रत्येक जण आपलीच खरी म्हणू लागला. आता बदल फक्त चिटबॉय करतो, इतरांनी त्याला सांगायचे.

आडसाली लागणीच्या नोंदी चालू आहेत. नोंद देतानाच गट कार्यालयात फडाकडे जाण्याची वाट, वळण्याची जागा, विहीर, चिबड, खाली आलेली विजेची तार आणि पाइपलाइनीचे व्हॉल्व्ह यांच्या खुणा करून द्याव्यात. ज्यांच्याकडे तसला मोबाइल नाही त्यांनी गाव नकाशाच्या झेरॉक्सवर पेनाने कराव्यात, चिटबॉय प्रत्यक्ष जागेवर येऊन त्या उतरवून घेईल. निवृत्त चिटबॉयना आम्ही दोन दिवस गाडीतून शिवार फिरवून आणले. त्यांनी एकशे चाळीस खुणा सांगितल्या. त्यांतल्या अकरा जागा आता राहिलेल्या नाहीत, विहिरी बुजल्या किंवा बांध मोडले. त्या पुसल्या नाहीत, "बुजली" असे लिहून करड्या रंगात ठेवल्या आहेत, कारण बुजवलेल्या विहिरीवरची माती पहिली दोन-तीन वर्षे खचते.

सुरुवातीला सांगितलेल्या विहिरीची खूण पौषापासून लाल होती. ज्येष्ठात मालकांनी कठडा बांधून घेतला. मी स्वतः जाऊन पाहिला, अडीच फूट आहे. खुणेचा रंग हिरवा केला आणि खाली तारीख टाकली.